सात पानांचा गुलाब

एका देठावर सात पानं होती. वनस्पतिशास्त्रात त्यांना पर्णिका म्हणतात, कारण सातही मिळून ते एकच पान असतं. पण आमच्याकडे सगळे पानंच म्हणतात, तेव्हा मीही तसंच लिहिते. आमच्या ग्रीनहाऊसमधल्या काचेच्या पेटीभोवती फिरून मी अकरा देठ मोजले. नऊ देठांवर सात-सात पानं, दोन देठांवर नऊ-नऊ. पाच कुठेही नाहीत. देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना बारीक झालर होती, कंगव्याच्या दातांसारखी. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

झुडपावर तीन लाल फुलं होती. ती हिरव्या तारेने बांधलेली होती.

पेटीच्या पायाशी पितळी पाटी होती आणि पाटीवर गुलाबी सॅटिनचं कापड. कापडाचं टोक उचलून मी वाचलं. ‘आप्पांनी स्वतःच्या हातांनी लावलेला पहिला गुलाब, १९९०. वादळापुढेही न झुकलेला.’

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा पहिला गुलाब पाच पानांचा होता आणि त्याच्या देठाला झालर नव्हती. पेटीत उभा होता तो खुंट होता.

गुलाबाची शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चांगल्या जातीचा गुलाब स्वतःच्या मुळांवर फारसा टिकत नाही. म्हणून आधी रानगुलाबाची दणकट काडी लावून तिला मुळं फुटू द्यायची. तो खुंट. मग खुंटाची साल इंग्रजी टी अक्षरासारखी चिरायची आणि चिरेत चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब फुटण्याची जागा, बसवून पट्टी गुंडाळायची. याला डोळा भरणं म्हणतात. तीन आठवड्यांत डोळा धरला तर वरचा खुंट छाटायचा. पुढे सगळं झाड त्या डोळ्यातून वाढतं. डोळ्याच्या खालून काही फुटलं तर ते अंगठ्याने खुडून टाकायचं, कारण ते खुंटाचं असतं आणि ते वाढू दिलं तर वरचा गुलाब मरतो.

दोन हजार वीसच्या जूनमध्ये वादळात आमच्या ग्रीनहाऊसचं प्लास्टिक फाटून उडालं आणि छताचा एक लोखंडी पाइप या झुडपावर पडला. झाड डोळ्याच्या खाली मोडलं. ऑगस्टमध्ये बुडातून फुटवे आले. माझा भाऊ जगदीश याने त्या फुटव्यांचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘आप्पा परत आले.’ पाच वर्षांत त्या झाडाला एक फूल आलं नाही. ही रानजात आमच्या हवेत फुलत नाही. जगदीशने त्याचंही कारण शोधून काढलं. झाड शोकात आहे म्हणाला. पस्तीस वर्षं गुलाब विकून मोठ्या झालेल्या घरातल्या कुणालाही पानं मोजावीशी वाटली नाहीत.

मी खोपोलीत माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. माझं काम नमुना घेऊन त्यात काय आहे ते लिहिणं, एवढंच आहे. नमुना कुणाचा आहे ते पाहायचं नसतं.

*

जगदीशने मला बोलावलं होतं ते वेगळ्या कामासाठी. ग्रीनहाऊसला पस्तीस वर्षं झाली म्हणून रविवारी कार्यक्रम ठेवला होता. त्यासाठी त्याच्या मुलाने, हर्षदने, इतिहास लिहिला होता. तो दहा फूट फ्लेक्सवर छापून दारात लावायचा होता. ‘शास्त्रीय चुका तेवढ्या बघ,’ असं हर्षदने फोनवर सांगितलं आणि मी शनिवारी दुपारी पोहोचले तेव्हा फ्लेक्स छापून आलेला होता.

“आत्या, वाच तरी,” हर्षद म्हणाला. “चुका असल्या तर पुढच्या वेळी.”

पस्तीस वर्षांचा कार्यक्रम पुढच्या वेळी कसा असणार ते मी विचारलं नाही. वाचलं.

‘ओसाड माळरानावर आप्पांनी हरितस्वप्न पाहिले.’ माळरान ओसाड नव्हतं. तिथे भात होत असे आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. ‘आधुनिक काचघर उभारले.’ गावात अजून काचघरच म्हणतात, पण त्यात काच कधीच नव्हती. बांबू होते आणि भंगारातून आणलेलं प्लास्टिक. चार वर्षांनी लोखंडी पाइप आले. त्या जागेत आलेली पहिली काच म्हणजे हर्षदची ही पेटी. ‘आप्पांनी स्वतः हजारो कलमे बांधली.’ इथे मी थांबले.

आप्पांना डोळा भरता येत नव्हता. हे मी रागाने म्हणत नाही, माझ्याकडे नोंद आहे. तेव्हा मी बारावीला होते आणि वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिण्याची मला आवड होती. आप्पांनी भरलेले डोळे वीस, धरलेले तीन. तळेगावला जाऊन दोन दिवस शिकून आल्यावर पुन्हा वीस, धरलेले चार. त्याच आठवड्यात शेणखताच्या पाट्या वाहायला ठाकूरवाडीतून आलेली जना बाजूला उभी राहून पाहत होती. आप्पा हात धुवायला गेले तेव्हा तिने चाकू उचलला. जनाने भरलेले डोळे वीस, धरलेले एकोणीस. विसावाही धरला असता, पण त्यावर बकरी आली.

माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रयोग. त्याचा निष्कर्ष मी घरात कुणाला वाचून दाखवला नाही. आप्पांनी पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली, “आमचा हात बसलाय आता,” आणि मी वही मिटली.

जनाची पद्धत अशी. काढलेला डोळा उन्हाळ्यात प्लास्टिकखाली पाच मिनिटांत सुकतो. पुस्तकात सांगतात, ओल्या फडक्यात ठेवा. जना म्हणायची फडकं तापतं. ती डोळे गालात ठेवायची. एका वेळी आठ-दहा. डाव्या गालात लाल, उजव्या गालात पिवळे, आणि पस्तीस वर्षांत तिने लालाच्या जागी पिवळा एकदाही भरला नाही. तोंड भरलेलं असल्यामुळे सकाळी सहा ते अकरा ती बोलत नसे. फुलं न्यायला टेंपो यायचा, फार्महाऊसवाले यायचे, सरकारी साहेब यायचे. कुणी तिला काही विचारलं की ती मान हलवायची. “मुकी आहे का हो?” साहेबांनी एकदा विचारलं. आप्पा म्हणाले, “हो, बिचारी.” त्यांना ते समजावून सांगण्याचा कंटाळा आला असेल. किंवा डोळे कुणाच्या तोंडातून येतात हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नसेल. मला दुसरं कारण जास्त संभवनीय वाटतं.

फ्लेक्सची शेवटची ओळ होती, ‘एका मूक आदिवासी भगिनीला या परिवाराने तीन तपे आधार दिला.’ बाजूला जनाचा फोटो. गाल फुगलेले.

“हर्षद,” मी म्हटलं, “जना बोलते.”

“काय सांगतेस?” त्याने खरंच मान वर केली. “आत्या, मी लहानपणापासून बघतोय, कधी बोलताना नाही पाहिलं.”

“तू अकराच्या आधी यायचास. उरलेला वेळ पनवेलला.”

“दादा,” मी जगदीशकडे वळले. “तुला तर माहीत आहे.”

जगदीश खुर्चीत बसून पाहुण्यांची यादी बघत होता. “माहीत हाय गं. पण आता छापून झालंय ना.” मग थोडं थांबून म्हणाला, “आणि लोकांना बरं वाटतं. मुक्या माणसाला काम दिलं म्हटलं की बरं वाटतं. बोलतीला दिलं तर कोण विचारतंय?”

हे तो विनोद म्हणून बोलत नव्हता. माझा भाऊ विनोद करत नाही. तो एखादी गोष्ट खोटी आहे हे मान्य करतो आणि तिचा उपयोग सांगतो. त्याच्याशी वाद घालताना हात ठेवायला जागाच मिळत नाही.

पेटीतल्या झाडाबद्दल मी त्याला काही सांगितलं नाही. त्यानं त्याचाही उपयोगच सांगितला असता.

*

आमच्या भागाचा इतिहास हर्षदच्या फ्लेक्सपेक्षा लहान आहे. चौक ते कर्जत या पट्ट्यात आधी भात होतं. मग रसायनीला कारखाने आले, मग साजगावला, आणि गावातली मुलं पाळीवर जाऊ लागली. शेतीला माणूस मिळेना तेव्हा ज्यांच्याकडे थोडी ओल होती त्यांनी फुलं धरली. आमची फुलं पहाटे टेंपोने दादरला जात. मग घाटावरची मोठी ग्रीनहाऊसेस आली, त्यांची फुलं लांब देठाची आणि डाग नसलेली. आमची पडून राहू लागली. आप्पांनी फुलं बंद करून रोपं विकायला काढली. तोवर मुंबईची माणसं इकडे जागा घेऊन दुमजली घरं बांधू लागली होती आणि त्यांना कुंपणाला काहीतरी हवं असायचं. ती माणसं गाडीतून न उतरता विचारत, “पाणी न घालता जगेल असं काय आहे?” पुढे शेलूला इमारती झाल्या आणि बाल्कनीवाले आले. ते उतरत, पण रात्री ऑक्सिजन देणारं झाड मागत. जगदीश त्यांना तेही देई. नाव नसलेल्या कुठल्याही हिरव्या रोपाला तो ऑक्सिजनचं झाड म्हणे.

या सगळ्यात न बदललेली एकच जागा राहिली, ती म्हणजे ओढ्याकडचे अकरा गुंठे. ती राहण्याचं कारण सांगायला हवं, कारण त्यात मी आहे.

चौऱ्याण्णवनंतर आप्पा फवारणी करू लागले. ज्या झाडांवरून डोळे काढायचे त्यांच्यावरही. जना तेच डोळे गालात ठेवायची. दुसऱ्या वर्षी तिच्या जिभेला फोड आले. मी तेव्हा एम.एस्सी. करत होते. मी घरी आले तेव्हा आप्पांना म्हटलं की हे औषध तोंडात जाऊन चालणार नाही. आप्पा म्हणाले, “मग फडक्यात ठेव म्हणावं.” जनाने दोन महिने फडक्यात ठेवले. विसातले चौदा धरू लागले. आप्पांनी तिला बोल लावला. मी पुन्हा बोलले नाही, माझी परीक्षा होती. जनाच्या नवऱ्याने, जैतूने, एक दिवस बारा झाडं मुळांसकट उचलली आणि ओढ्याच्या काठाला नेऊन लावली. फवाऱ्याची नळी तिथवर पोचत नव्हती. आप्पांना त्याने सांगितलं, तिकडे ओल बरी हाय. इतका साधा उपाय होता, आणि विज्ञान शिकलेल्या मुलीला तो सुचला नव्हता.

त्या बारांची आज चारशे झाडं आहेत. सगळे डोळे तिथून येतात. जैतू वारला. जना आणि तिची मुलगी वनिता तिथे काम करतात, आणि त्यांचं घर त्यावरच चालतं.

आप्पा दोन हजार अठरात गेले. सातबारावर जगदीशचं आणि माझं नाव लागलं. वर्षाच्या आत जगदीशने हक्कसोडपत्र तयार केलं. बहिणीने भावासाठी जमिनीवरचा हक्क सोडायचा, निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही-अंगठा करायचा, आणि भावाने तिला साडी घ्यायची. आमच्याकडे हे असं होतं, आणि सही न करणाऱ्या बहिणीचं नाव गावात कसं घेतात तेही मी ऐकलेलं आहे. मी सही केली नाही. पण नकारही दिला नाही. सहा वर्षं मी ‘बघू’ म्हणाले. मार्चअखेर आहे, तपासणीचं पथक येणार आहे, पाय मुरगळलाय. एकदा मी खरंच पाय मुरगळून घेतला की काय अशी मला शंका आहे.

आता जगदीशला घाई होती. नवीनशेठ नावाच्या माणसाबरोबर त्याने लग्नाच्या लॉनचा करार ठरवला होता. गुलाबांच्या सान्निध्यात विवाह. ग्रीनहाऊस मंडपाला उपयोगी, आणि ओढ्याकडचे अकरा गुंठे गाड्या लावायला. नवीनशेठला कागद एका नावावर हवा होता. मंगळवारची वेळ कर्जतच्या कार्यालयात घेऊन ठेवली होती.

“ही बघ,” सुनंदावहिनी संध्याकाळी म्हणाली आणि पिशवीतून साडी काढली. मोरपंखी होती. “तुझा रंग. उद्या सगळ्यांसमोर देऊ म्हणाले हे. मंगळवारी नेसून येशील.”

“वहिनी, मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“नाही पण म्हटलेलं नाहीस,” वहिनी म्हणाली. ती जगदीशपेक्षा हुशार आहे. “सहा वर्षं माणूस नाही म्हणत नाही म्हणजे काय समजायचं आम्ही? माहेर राहू दे गं तुझं. एवढंसं तर आहे.”

साडीच्या घडीत दुकानाची चिठ्ठी होती. तिच्यावर तारीख गेल्या दिवाळीची होती.

*

रविवारी सकाळी मी ओढ्याकडे गेले. जानेवारीची थंडी होती, डोळे भरायचे हेच दिवस. जना बसली होती, समोर खुंटांच्या ओळी. वनिता तिच्या मागून पट्ट्या गुंडाळत येत होती. जनाने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि एक बोट वर केलं. थांब. मी दगडावर बसले. तिने डाव्या गालातून एक डोळा काढला, चीर उघडली, डोळा आत सरकवला. असे सात झाले. मग उजव्या गालातले दोन. मग ती बाजूला थुंकली आणि तोंड पुसलं.

“आलीस का गं पोरी. चा घेतलास?”

आम्ही घरातले सगळे तिला एकेरी हाक मारतो. ती माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी आहे, तरी मीही. ती मला अजून पोरी म्हणते.

“घेतला. जना, तो फ्लेक्स पाहिलास?”

“वनितानं वाचून दावला. मी मुकी हाय म्हणं.” ती हसली. खालचे दोन दात पडलेले होते. “बरा हाय. मुक्याला कोण शिव्या देत नाय.”

वनिता मान वर न करता म्हणाली, “ताई, आज आईला शाल देणार हायेत. हर्षदभाऊ सांगून गेले, काय बोलू नको म्हणून. बोललीस तर फ्लेक्स खोटा पडंल.”

“आणि त्या पेटीतलं झाड?” मी जनाला विचारलं. “तू पाहिलंस ना?”

“पेटी करायच्या आधीच बघितला. खुंट हाय त्यो.”

“सांगितलं नाहीस?”

“तू सांगितलास?”

मी चष्मा काढून पुसला.

“जगदीशच्या बापाचा गुलाब आमीच भरलेला, आनि त्याच्या पोरानं खुंटाला पेटी केली,” जना म्हणाली. “करू दे. खुंट काय वाईट नाय. मुळं त्याचीच आसतात.” मग तिने चाकू मांडीवर पुसला आणि सुरातला खेळकरपणा गेला. “मला येकच सांग पोरी. हे तीनशे खुंट हायेत. आज भरायला घेतले तर म्हयन्यानं धरतील, पावसाळ्यात इकायला येतील. इथं गाड्या लागनार आसल्या तर मी कशाला भरू? कंबर मोडते. जगदीशला इचारला, त्यो म्हनतो तायला इचार. तुला गेल्या साली इचारला, तू म्हनलीस बघू.”

“हो.”

“वनिताला साजगावला कारखान्यात लावून देतो म्हनालाय येक जन. तिनं जावा का नको, ते पन यावरच. डोळं भरू का नको, येवढाच सांग.”

मी ओढ्याकडे पाहिलं. पाणी बारीक झालं होतं. माझ्याकडे सगळे आकडे होते. कुणी किती भरले, किती धरले, कुठलं औषध कुठल्या वर्षी आलं. एकही आकडा मी कुणासमोर ठेवला नव्हता.

“दुपारी सांगते,” मी म्हटलं.

जनाने वाकून झाडावरचा एक डोळा काढला. गालात टाकण्याआधी तिने माझ्याकडे असं पाहिलं की इतकं कमी मला कुणी कधी लेखलं नसेल.

“माझ्या तोंडात डोळं आसतात म्हनून मी बोलत नाय,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडात काय आसतं गं?”

आणि गाल भरून घेतले.

*

कार्यक्रम अकराला होता, साडेबाराला सुरू झाला. पन्नासेक खुर्च्या ग्रीनहाऊसमध्ये मांडल्या होत्या. फार्महाऊसवाले पुढे, गाववाले मागे. नवीनशेठ पहिल्या रांगेत कोपऱ्यात बसून मान वर करून पाइपांची उंची बघत होता. लाउडस्पीकरला घरघर होती.

जगदीशने भाषण केलं. आप्पा, स्वप्न, घाम, माती. प्रत्येक शब्दानंतर तो थांबत होता, आणि मागच्या रांगेतला कुणीतरी प्रत्येक थांब्याला टाळी वाजवत होता. मग तो पेटीकडे गेला आणि कापड ओढलं. ते पाटीच्या कोपऱ्यात अडकलं. हर्षदने येऊन सोडवलं. सगळ्यांनी पाटी वाचली आणि फोन वर केले. पुढच्या रांगेतल्या एका बाई पेटीच्या काचेवर हात ठेवून डोळे मिटून उभ्या राहिल्या. तीन लाल फुलं तारेवर मान टाकू लागली होती. ती आदल्या दिवशी दादरहून आणलेली होती आणि पेटीत हवा नव्हती. बंद काचेत संध्याकाळपर्यंत त्या खुंटाचंही काही खरं नव्हतं. पस्तीस वर्षं झाडं वाढवणाऱ्यांनी झाडाला हवा ठेवली नव्हती.

“आणि आता,” हर्षद माइकवर म्हणाला, “जिच्या मौनात आमच्या बागेचं संगीत आहे...”

जनाला पुढे आणलं. ती थेट कामावरून आली होती, पदर खोचलेला, बोटांना साल लागलेली, आणि गाल भरलेले. काढलेले डोळे टाकून येईल अशी ती नव्हतीच. वहिनीने शाल घातली. पुढच्या बाई म्हणाल्या, “किती शांत चेहरा आहे.” कुणीतरी जनाला हाताच्या खुणा करून काहीतरी विचारलं. जनाने मान हलवली. मागच्या रांगेत ठाकूरवाडीतल्या चार-पाच बायका उभ्या होत्या; त्यांनी पदर तोंडाला लावले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

मलाही हसू आलं असतं. पण तेवढ्यात जगदीशने माझं नाव घेतलं.

“आमची सुप्रिया,” तो म्हणाला. “शास्त्रज्ञ हाय. पण माहेराला विसरली नाय. येत्या मंगळवारी ती आपला हक्क भावाच्या पदरात टाकते हाय. आजकाल बहिणी कोर्टात जातात. आमच्या घरात तसं नाय.”

टाळ्या झाल्या. वहिनीने मोरपंखी साडी माझ्या दोन्ही हातांत दिली आणि हातांवर आपले हात तसेच ठेवले, जोवर फोटो निघत होते तोवर. साडी जड होती. नवीनशेठने पहिल्यांदा पाइपांवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

“दोन शब्द बोल,” जगदीशने माइक पुढे केला. मग माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाला, “थोडक्यात. जेवण तयार हाय.”

मी लोकांसमोर कधी बोललेले नाही. प्रयोगशाळेत अहवाल लिहून देते, वाचून दुसरे दाखवतात. मी माइक धरला आणि पाहिलं. माझा भाऊ घड्याळाकडे बघत होता. त्याला माझ्याकडून काही येईल अशी भीतीच नव्हती, आणि सहा वर्षांत मी त्याला ती वाटावी असं काही केलं नव्हतं. त्याची मला जेवढी कीव येत होती तेवढीच स्वतःची आली. फ्लेक्सवरचे फुगलेले गाल माझ्या समोर होते आणि खरे गाल माझ्या बाजूला. जना माझ्याकडे बघत नव्हती. ती पेटीतल्या खुंटाकडे बघत होती, त्याला आता पाणी कोण देणार अशा काळजीने.

पेटीबद्दल बोलायचं मी ठरवलं नव्हतं आणि बोलले नाही. तो खुंट त्यांना लखलाभ.

मी साडी घडीसकट टेबलावर ठेवली. चिठ्ठी आतून बाहेर आली होती, ती परत आत सरकवली.

“मंगळवारी मी कर्जतला येणार नाही,” मी म्हटलं. लाउडस्पीकरने माझा आवाज मोठा करून परत मला ऐकवला, आणि तो मला ओळखीचा वाटला नाही. “हक्कसोडपत्रावर मी सही करत नाही. आजही नाही, पुढेही नाही. उद्या सकाळी मी मोजणीचा अर्ज देते आहे. माझा अर्धा हिस्सा मला वेगळा हवा, ओढ्याच्या बाजूने, आणि त्यात गाडी लागणार नाही.”

जगदीश म्हणाला, “अगं, माइक चालू हाय.”

“माहीत आहे,” मी म्हटलं, आणि बाजूला वळले. “जना, डोळे भर.”